मूळ साच्यातली एक ओळ

रविवारी सकाळी इंटरकॉम वाजला.

"साहेब, तुमच्या सासूबाई आल्यात मोरा बंदरावरनं. पन एंट्री होत नाय. टॅबलेट ना हरकत दाखला मागतोय," वॉचमन दीपेश म्हणाला.

मागून चंद्राबाईंचा आवाज आला, "मी कोन चोर हाय काय? बरफाचा पानी झाला!"

बर्फात पाटीभर पापलेट होतं. आठवडाभर कंपनीत कोड लिहून दमलेल्या निशांतचा सगळा जीव त्या पाटीत होता. सोसायटीचं सॉफ्टवेअरही त्यानंच लिहिलेलं, तेही फुकट. त्याच्या बायकोनं, नंदिनीनं, परस्पर होकार देऊन टाकला होता.

सभासद, गाडी, पाहुणा, भाडेकरू, तक्रार, सगळ्यांच्या नोंदी डेटाबेसात जायच्या. दर वेळी तेच ते कोण लिहिणार? म्हणून त्यानं एक मूळ क्लास, म्हणजे सगळ्या नोंदींचा साचा, केला होता आणि बाकीचे सगळे त्याच साच्यातून काढले होते. काल सेक्रेटरी अरविंदकाकांनी फर्मावलं, भाडेकरूला ना हरकत दाखला सक्तीचा करा. निशांतनं पेंगत पेंगत त्या अटीची ओळ भाडेकरूऐवजी मूळ साच्यात घातली, आणि आता प्रत्येक नोंद दाखला मागू लागली.

त्यानं काकांना फोन लावला. "काका, सासूबाईंना एक दाखला द्या ना पटकन."

"देतोय की! सेव्हच होत नाहीये. दाखल्याला ना हरकत दाखला जोडा म्हणतंय."

दाखलाही त्याच साच्यातला होता. निशांतनं कपाळाला हात लावला.

"मग असंच सोडा त्यांना आत."

"नोंदीशिवाय? तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय मी!"

तोवर गाड्याही अडल्या. बाहेरचे बाहेर, आतले आत, आणि गेटवर ही गर्दी. निशांत ती ओळ काढायला बसला, तर काका म्हणाले, आधी बदलाची रीतसर नोंद करा. त्या नोंदीनंही दाखला मागितला. शेवटी निशांतनं काकांचा फोन घेणंच बंद केलं, तेव्हा कुठे काम झालं. अकरा वाजता गेट उघडलं.

बेल वाजली. दारात चंद्राबाई, घामाघूम पण खुशीत. पाटी रिकामी.

"पापलेट?" निशांतचा आवाज बारीक झाला.

"इकला सगला! बरफ संपला, दारात एवढी लोका हुबी, मंग काय करू?" त्या पंख्याखाली टेकल्या. "जावय, तुमचा कंपुटर लय बेस हाय. पुढल्या रविवारी पन असाच बंद पाडा."

नंदिनीनं दुधी चिरायला घेतला.