पोचल्यावर कळव

आमच्या डाळ मिलच्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या कुणालाही मन्मथअप्पा ‘पोचल्यावर कळव’ म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. मी समोरच्या टपरीवर चहाला निघाले तरी हेच. टपरी गेटपासून वीस पावलांवर. अप्पांच्या खिडकीतून मी दिसते, माझ्या हातातला कपसुद्धा दिसतो, तरी फोन वाजतोच.

“पोचलीस का?”

“अप्पा, मी तुम्हाला दिसतेय की.”

“दिसणं येगळं, कळवणं येगळं.”

मी मूळची लातूरची. पुण्यात तीन वर्षं कॉम्प्युटरची नोकरी करून परत आले आणि उदगीरच्या या मिलमध्ये अप्पांच्या हाताखाली लागले. अप्पा आधी मिलचे वायरमन होते. कॉम्प्युटर आले तसे अप्पाच तेही सांभाळायला लागले, कुणी शिकवलं नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात भस्माची डबी, दोन पेनं आणि एक टेस्टर, आणि चेहऱ्यावर कायम कुठेतरी काहीतरी जळत असल्याचा भाव. हा भाव संसर्गजन्य आहे. अप्पांबरोबर काम करायला लागल्यापासून मीही खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघते.

एक मशीन दुसऱ्याला ‘आहेस का’ असं विचारतं आणि समोरचं ‘आहे’ म्हणतं, याला आमच्या धंद्यात पिंग म्हणतात. अप्पा त्याला हाळी म्हणतात. रोज सकाळी साडेनऊला ते मिलमधल्या एकूण एक मशीनला हाळी मारतात आणि वहीत बरोबरची खूण करतात. मग गोदामातल्या पाटलांना फोन लावून तिकडून इकडे हाळी मारायला लावतात आणि दुसरी खूण करतात. पाटील वैतागतात. अप्पांचं ठरलेलं उत्तर असतं, “दोन्हीकडून बघावं लागतंय, पाटील. एका बाजूनं सगळंच चांगलं दिसतंय.”

हे झालं की सव्वादहाला ते आपला मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करतात आणि त्याच्यासमोर हात बांधून बसतात. साडेदहाच्या सुमाराला तो एकदा टिंग करतो. अप्पा वाचतात, फोन पालथा घालतात आणि मग चहा मागवतात. बॅटरीखोलीतल्या मशीनकडून कसला तरी निरोप येत असेल, अशी माझी समजूत होती.

तुरीचा हंगाम तोंडावर आला आणि मालकांनी ठरवलं, वजनाच्या पावत्यांचा प्रोग्राम मिलमधल्या जुन्या सर्व्हरवरून उचलून क्लाउडवर न्यायचा. म्हणजे मुंबईकडे कुठेतरी हजारो कॉम्प्युटर भरलेला हॉल असतो, त्यातल्या एका कॉम्प्युटरचा तुकडा आपण भाड्याने घ्यायचा. आणि तो तुकडा आपल्याच ऑफिसात असल्यासारखा वागावा म्हणून इंटरनेटच्या आतून एक कुलूपबंद रस्ता करायचा. त्याला टनेल म्हणतात. अप्पांना तो टनेल समजला. त्यांचं दुःख वेगळंच होतं. जुन्या सर्व्हरच्या पाठीवर ते रोज तळहात ठेवून ताप बघायचे.

“ह्याला हात कुठं लावायचा गं?” असं त्यांनी मला चार दिवसांत नऊ वेळा विचारलं.

मालक फटकळ. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “सोमवारी सकाळी काटा बंद दिसला तर अप्पा, तुमी घरी आराम करा. सगळं पुण्याच्या लोकाला देऊन टाकतो.” काटा म्हणजे गेटवरचा ट्रक तोलायचा वजनकाटा. अप्पा मान डोलावून ‘हाव’ म्हणाले आणि दोन दिवस त्यांनी डब्यातली भाकरी अर्धीच खाल्ली. मला मालकांचा भयंकर राग आला होता.

रविवारी सकाळी जोडणी सुरू झाली. क्लाउडची जोडणी करून देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे इंजिनियर फोनवर, मी कॉम्प्युटरवर आणि अप्पा माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत. अकरा वाजता टनेल जोडला गेला. ऑफिसातली सगळी मशीनं क्लाउडशी बोलायला लागली. काटा तेवढा बोलेना.

“आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित दिसतंय, सर,” इंजिनियर म्हणाले.

“तुमच्या बाजूनं दिसायलंय वो. माझ्या बाजूनं दिसंना की.”

आम्ही वायर बदलली, काट्याचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला. दुपारपासूनच चाकूरकडचे ट्रक येऊन गेटबाहेर लागायला लागले. एकेक ट्रक येऊन थांबला की अप्पा खिडकीत जायचे, मोजायचे आणि परत यायचे. ग्लासात पाणी ओतायचे आणि प्यायचं विसरायचे. एकदा तर त्यांनी शेजारच्या खुर्चीतून मला फोन लावला आणि मी उचलल्यावर म्हणाले, “फोन तरी चालायलाय का, बघत होतो.” मला हसू आलं.

चार वाजता ते मध्येच थांबले. “हाळी तिकडं पोचायली का, एवढंच बघा म्हणावं त्यांना. वापस यायचं नंतर बघू.”

इंजिनियरांनी बघितलं. “पोचतेय, सर. पण उत्तर कुठे पाठवायचं ते इथल्या मशीनला माहीत नाही. तुमच्या काट्याचं नेटवर्क आमच्याकडच्या यादीतच नाही. काटा ऑफिसच्या नेटवर्कवर नाहीये का?”

अप्पा खुर्चीत बसले. बऱ्याच वर्षांमागे काट्याच्या खांबावर वीज पडली होती आणि तिथून वायरीवाटे आत येऊन तिने ऑफिसातली सगळी मशीनं जाळली होती. त्यानंतर अप्पांनी काट्याला गुपचूप वेगळा बिनतारी राऊटर बसवून त्याचं वेगळं नेटवर्क केलं. ते कुठल्याच नकाशावर नव्हतं. भिंतीवरच्या एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तेवढं लिहिलेलं होतं.

“कुणाला सांगितलं का नाही, अप्पा?” मी विचारलं.

“सांगितलं की लोक जोडतेत. जोडलं की जळतंय.” मग फोनकडे तोंड करून म्हणाले, “जायची वाट हाय, यायची न्हाई. चूक माझीच हाय, साहेब. लिहून घ्या.” आणि कॅलेंडर उलटं करून त्यांनी आकडे वाचून दाखवले.

यायची वाट तीन मिनिटांत तयार झाली. अप्पा धावत गेटवर गेले आणि स्वतःच काट्यावर उभे राहिले. पावती छापून बाहेर आली, साठ किलो. ती त्यांनी घडी करून भस्माच्या डबीजवळ खिशात ठेवली.

सोमवारी सकाळी काटा पहिल्या ट्रकपासून बिनतक्रार चालला. मालक येऊन अप्पांच्या पाठीवर थाप मारून गेले. अप्पांनी वर बघितलंसुद्धा नाही. फोन बाटलीला टेकून उभा होता आणि साडेदहा वाजून गेले होते.

पावणेअकराला त्यांनी फोन बंद करून चालू केला. अकराला मला म्हणाले, “मला एक मेसेज टाक.” मी टाकला. टिंग झालं. “तुझा येतोय,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला.

“अप्पा, कोणत्या मशीनचं बघताय?”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर डाव्या बाजूला एकाखाली एक एकच शब्द होता. पोचले. पोचले. पोचले. मी वर सरकवत गेले, संपेना. उजवी बाजू कोरी होती. वर नाव होतं, गौरी.

गौरी त्यांची मुलगी. एकुलती एक. नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात असते. पाच वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पसंतीने जातीबाहेर लग्न केलं आणि अप्पांनी बोलणं टाकलं. अप्पांच्या पत्नी त्याआधीच गेलेल्या, म्हणजे घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. ती घर सोडून गेली त्या दिवशीही लहानपणापासूनच्या सवयीने तिचा मेसेज आला होता, पोचले. तेव्हापासून ऑफिसात शिरली की रोज येतो. पाच वर्षं.

“आणि तुम्ही?”

“वाचतो की. वाचलं की तिकडं निळं होतंय. तिला दिसतंय, बाप हाय म्हणून.”

मी वयाने त्यांच्या मुलीएवढी. मला काय झालं कुणास ठाऊक, माझा आवाज चढला. “अप्पा, दिसणं वेगळं, कळवणं वेगळं.”

खिडकीबाहेर ट्रक काट्यावर चढत होता. अप्पांनी फोन परत घेतला, बराच वेळ त्या नावाकडे बघितलं आणि बोट टेकवलं.

“मी अप्पा,” ते म्हणाले. “पोचलीस का?”

मग खूप वेळ तीच बोलत असावी. अप्पा नुसतं ‘हां, हां’ करत होते. “कवापास्नं ताप हाय? दवाखान्यात कोण नेलं? त्यो नेला का.” जावयाचा उल्लेख मी पहिल्यांदाच ऐकत होते. “घरीच ऱ्हा. उगं ऑफिसला जाऊ नकोस. माझा आवाज येतोय का नीट? मला बी येतोय.”

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि खिशातली पेनं एकदा चाचपली. दुपारच्या नांदेड गाडीने निघतो म्हणाले. मी या मिलमध्ये आल्यापासून अप्पांनी एक दिवस रजा घेतलेली नव्हती. जाताना त्यांनी मला काट्याच्या, राऊटरच्या आणि पंख्याच्या मिळून इतक्या सूचना दिल्या की गाडी चुकते की काय असं मला वाटायला लागलं. त्यांना मी अक्षरशः ढकलत गेटपर्यंत नेलं.

“अप्पा, पोचल्यावर कळवा,” मी म्हणाले.

ते हसले. पहिल्यांदाच.

ती दुपार माझी फार वाईट गेली. फोन मी बाटलीला टेकवून ठेवला होता. गाडी बंद पडली असेल, अप्पांनी मध्येच उतरून परतीची गाडी धरली असेल, दारापर्यंत जाऊन माघारी फिरले असतील. एवढी काळजी हा माणूस रोज कशी करत असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

साडेपाचला टिंग झालं. ‘पोचलो.’ मिनिटभरात दुसऱ्या, अनोळखी नंबरावरून आणखी एक आला. ‘अप्पा पोचले. चहा घेताहेत. गौरी.’

मी अप्पांची वही उघडली आणि सोमवारच्या पानावर, सगळ्या मशीनांच्या खाली, बरोबरच्या दोन खुणा केल्या.