टिटवीची छत्री आणि कासवाची तारीख

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, तुम्हांला जायचं नाहीये तिकडं, एक टिटवी राहत होती.

आधी नाकं पुसा. मग ऐका.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या माळावर चार खडे बाजूला सारते आणि तिथंच अंडी घालते. याला शहाणपण म्हणायचं का, ते तिलाच विचारा. या टिटवीनं चार अंडी घातली आणि वैशाख लागला. माळ तव्यासारखा तापायचा. टिटवी ओढ्यावर जायची, पोटाची पिसं भिजवायची, पळत येऊन अंड्यांवर बसायची. दिवसाला चाळीस खेपा. एक खेप चुकली की अंडी उकडलीच म्हणून समजा.

तिचा नवरा टिटवा. तो एका पायावर उभा राहून सल्ले द्यायचा.

"अगं, वेलीवरनं एक छत्री मागव की."

ही वेल काय, ते सांगतो. कोल्हाशेठनं जंगलभर एक वेल फिरवली होती. तेच त्याचं दुकान. पानापानावर मालाचं नाव आणि भाव लिहिलेला. करवंदं आधी माकडाच्या हातावर ठेवायची, मग पान ओढायचं. कोल्ह्याच्या गुहेत घंटा वाजायची आणि पोपट ओरडायचा, "ऑर्डर पक्की!" माल मागनं यायचा. दुकानदाराचं तोंड दिसत नाही, वस्तू हाताला लागत नाही. आम्ही वांगंसुद्धा चार ठिकाणी दाबून घ्यायचो. असो. तुम्हांला काय कळणार.

छत्रीच्या पानावर लिहिलं होतं, 'मूळ भाव ४००० करवंदं'. त्यावर आडवी रेघ. खाली, 'फक्त आज ४००'. ती रेघ तीन वर्षं तश्शीच होती. 'फक्त आज' पण तीन वर्षं चाललेलं.

पण त्या दिवशी एक अळी त्या पानावर जेवायला बसली. नेमकी शेवटची दोन शून्यं खाऊन गेली. राहिले चार.

टिटवीनं चार करवंदं दिली आणि पान ओढलं.

"ऑर्डर पक्की! उद्या सकाळी छत्री दारात!" पोपट ओरडला.

टिटवीला दार नव्हतं, पण ती खूश झाली. खुशीत माणूस जे करतो तेच तिनं केलं. सशाला हाक मारली.

"ससेभावजी, त्या जाळीखालची सावली मी धरून ठेवली होती, अंडी ढकलत न्यायला. आता नको मला. तुम्ही घ्या."

ससा लगेच घुसला. सहकुटुंब. बावीस जणं.

सकाळ झाली. छत्री नाही, पोपट आला. एका दमात म्हणाला, "तांत्रिक अडचणीमुळे आपली ऑर्डर रद्द करण्यात येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या खरेदीवर अर्ध्या करवंदाची सूट."

"काल पक्की म्हणालास ना रे मेल्या?"

"काल पक्की होती. आज रद्द आहे."

"मग पक्की म्हणजे काय?"

"मला अर्थ शिकवत नाहीत, बाई. शब्द शिकवतात."

टिटवी तरातरा कोल्ह्याकडं गेली. "शेठ, मागच्या महिन्यात आमचे हे पानाला टेकले. चुकून. तर दोन पाट आले घरी. तेव्हा तू काय म्हणालास?"

"ओढलं ते ओढलं. चूक तुमची, माल तुमचा."

"आणि आता?"

"आता चूक माझी, वहिनी. म्हणजे माल माझाच."

टिटवीनं ग्राहक मंचात तक्रार केली. मंच म्हणजे ओढ्याकाठचं म्हातारं कासव. टिटवीला अंडी सोडून बसता येत नव्हतं म्हणून कासवच माळावर यायला निघालं. वीस पावलांचं अंतर. सकाळी निघालं, दुपारी पोचलं.

"भांडण कशाचं?"

"छत्रीचं, तात्या," टिटवी म्हणाली.

"छत्री कुठाय? मुद्देमाल बघितल्याशिवाय मी मान बाहेर काढत नाही."

कोल्ह्यानं छत्री आणली. सागाच्या पानांची, बांबूच्या दांड्याची. चांगली होती, खोटं कशाला बोलू.

"उघडा. कुठं लावणार होतात, बाई? तिथं रोवा."

माकडांनी रोवली. मग कासवानं मान काढली.

कोल्हा म्हणाला, "तात्या, चार करवंदांत छत्री येते कधी? हिला कळत नव्हतं? समजून-उमजून पान ओढलं हिनं!"

"बाई, भाव चुकलाय हे तुम्हांला कळायला हवं होतं," कासव म्हणालं.

"कसं कळणार? चार हजाराची वस्तू चारशेला, हे खरं. चारशेची चारला, हे खोटं. खरं कुठं संपतं आणि खोटं कुठं सुरू होतं, तेवढं पानावर लिहायला सांगा त्याला!"

कोल्ह्यानं कान खाजवला. कासवानं बराच वेळ डोळे मिटले. झोपलं असेल.

"मुद्दा अवघड आहे," ते शेवटी म्हणालं. "पुढची तारीख आठ दिवसांनी."

"आठ दिवस!" टिटवी किंचाळली. "माझी अंडी उकडल्यावर देणार काय निकाल?"

कोल्हा हसला आणि छत्री उपटायला वाकला.

"हात लावू नकोस," कासव म्हणालं. "निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जिथं आहे तिथंच राहणार."

टिटवी आणखी ओरडणार होती. टिटव्यानं तिला पायानं ढोसलं. "अगं, वर बघ. आता खाली बघ."

वर छत्री होती. खाली सावली. सावलीत चार अंडी, गार. जगात पहिल्यांदाच एक टिटवी गप्प बसली.

आठ दिवसांनी कोल्हाच घाईला आला होता. "तात्या, आज निकाल लावाच. उन्हाळा चाललाय, गिऱ्हाइकं छत्री मागतायत."

"घाई नको, तात्या," टिटवी गोड आवाजात म्हणाली. "भावाची शून्यं अळीनं खाल्ली, असं शेठच म्हणतात. मग अळीची साक्ष नको का घ्यायला?"

"हवीच. बोलवा अळीला."

पोपट जाऊन आला. "अळी कोशात गेलीय."

"मग बाहेर आल्यावर बघू," म्हणून कासव परत निघालं.

पंधरा दिवसांनी कोशातून फुलपाखरू निघालं. कासवानं विचारलं, "पान तू खाल्लंस?"

"पान? शी! मी फुलावर असते. अळी कोण, मी ओळखत नाही."

यावर विचार करायला कासवानं आणखी चार दिवस घेतले. मग निकाल दिला. "पुरावा नाही. तक्रार फेटाळली. छत्री कोल्ह्याची. गिऱ्हाइकानं भाव डोळे उघडून वाचावा. बाईंची चार करवंदं परत द्या."

करवंदं वाळून मनुका झाली होती. कोल्ह्यानं छत्री उपटली आणि नाचत मिरवत नेली. त्याच दिवशी वेलीवर नवं पान लागलं, 'सत्याचा विजय झाल्यानिमित्त! छत्री, मूळ भाव ४०,०००, फक्त आज ४००'.

टिटवीनं ते वाचलं नाही. तिची चार पिल्लं ओढ्याकडं पळत सुटली होती आणि ती त्यांच्यामागं ओरडत होती.

तात्पर्य : गिऱ्हाइकाला न्याय मिळाला नाही तरी चालतं, तारीख मात्र वेळेवर मिळाली पाहिजे.