सावधान, हे मशीन पेटंट आहे

मच्छिंद्रने सर्जेराव पेंटरला फोन लावला, तेव्हा त्याच्या दुकानात आरतीचं मशीन चालू होतं. नगारा, झांज, घंटा, सगळं एकदम. पुढचं सारं त्यामुळेच घडलं.

"पेंटर, जल्दी एक बोर्ड लिहा. सावधान! हे मशीन पेटंट आहे!"

"काय आहे?"

"पेटंट! पेटंट!"

"आलं ध्यानात," म्हणून सर्जेरावांनी फोन ठेवला.

कुंभार पिंपळगावात मच्छिंद्र आणि धुळाजी यांची दुकानं समोरासमोर. दोघंही टीव्ही-मिक्सर दुरुस्त करत आणि आरतीची मशीनं बनवत. बटण दाबलं की मशीन वाजायचं आणि आरती संपता संपता आपोआप थांबायचं. हे थांबणं ही आपलीच युक्ती, असं दोघंही सांगत. ती दुसऱ्याने उचलू नये म्हणून दोघांनीही पेटंटचे अर्ज धाडले होते. आता श्रावणाचा पहिला सोमवार तोंडावर आला होता. महादेवाच्या देवळात ज्याचं मशीन बसेल, त्याचंच शेजारच्या गावांतही बसणार, हे दोघं जाणून होते. आणि देवळात शब्द चाले तो गोपिकाबाईंचा.

सोमवारी सकाळी मच्छिंद्रच्या दुकानावर बोर्ड लागला. 'सावधान! हे मशीन पेटतं आहे.' खाली सर्जेरावांनी हौसेनं ज्वाळाही काढल्या होत्या.

"अवो पेंटर, म्या पेटंट म्हणलं होतं!"

"सावधान म्हणल्यावर पेटतंच आसंल की! पेटंटला कोन सावधान म्हणतंय?"

तोवर दुकानासमोर गर्दी जमली होती. समोरून धुळाजी खुशीत ओरडला, "बघा! म्हणून म्हणतो, माझ्याकडं या!"

"पन धुळाजी," गर्दीतल्या पुष्पाबाई म्हणाल्या, "महिनाभर तूच सांगून राह्यला ना, त्याच्या मशीनमधलं सगळं तुझंच हाय म्हणून?"

"बिलकुल माझंच!"

"मंग तुझं बी पेटतं."

तासाभरात पुष्पाबाईंनी धुळाजीकडून नेलेलं मशीन परत आणलं. पाण्याच्या बादलीत बुडवून.

संध्याकाळी गोपिकाबाईंनी दोघांना देवळात बोलावलं. बाई पहाटेपासून निर्जळी उपवासाला होत्या. आरती झाल्याशिवाय त्या तोंडात पाणी घेत नसत, आणि रागावल्या तरी आवाज काही चढत नसे. त्यामुळे लोक त्यांना जास्तच भीत.

"मच्छिंद्रा, बाबा, खरं सांग. पेटतं का?"

"न्हाई वो काकू! देवाशप्पथ. मोटार जरा गरम होती, अन बंद पडती."

"कधी?"

"पाच मिनिटांनी."

"म्हंजी आरती संपता संपता."

धुळाजी पिंडीवरच्या बेलाकडे बघत राहिला.

"आसं व्हय," बाई म्हणाल्या. "मंग ही गरम व्हायची युक्ती नेमकी कोणाची?"

"धुळाजीची!" मच्छिंद्र पटकन म्हणाला. "मी त्याचंच बघून केलं."

"झूट! काकू, मूळ मशीन मच्छिंद्रदादाचं. माझ्यापाशी त्याच्या अर्जाची नक्कल हाय. ही बघा!"

"तुझ्यापाशी कशी आली रं?" मच्छिंद्रने विचारलं.

"तू माझा अर्ज उतरवून घ्याया आल्ता, तव्हा ही माझ्याकडं इसरून गेल्ता."

गाभाऱ्यात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. बाईंनी शांतपणे निरांजन लावलं.

"मशीन राहू द्या. मला उपास सोडायचाय. मच्छिंद्रा, नगारा घे. धुळाजी, तू झांजा. बराबर वाजवा."

दोघांनी जीव खाऊन वाजवलं. इतकी दणदणीत आरती देवळात कित्येक वर्षांत झाली नव्हती. शेवटच्या ओळीला दोघांचेही हात एकदम थांबले. गोपिकाबाईंनी तीर्थाचा तांब्या उचलला.

तेवढ्यात मच्छिंद्र म्हणाला, "बघितलं का? आरती संपली की थांबायचं. हे मी आधी केलं."

"हॅट! माझे हात तुझ्या आधी थांबले!"

"आरं, तू माझ्याकडं बघून थांबला!"

गोपिकाबाईंनी तांब्या तसाच खाली ठेवला. सर्जेराव दारात प्रसादाची वाट बघत उभे होते.

"पेंटर, एक बोर्ड लिहा. सावधान! हे दोघं पेटतात."

सर्जेरावांनी खिशातून पेन्सिल काढली. "काकू, आता एकदा नीट सांगा. पेटतात, का पेटंट?"

"दोन्ही लिहा," बाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी तीर्थ घेतलं.