मालाईची पाठवणी

दिवाळीच्या तोंडावर करंजटोल्याचं तळं, मालाई, कुणाला न सांगता माहेरी निघून गेलं. सकाळी मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली माणसं पाळीवर, तळ्याच्या बांधावर आली, तर खाली नुसता ओला गाळ. मासेही नव्हते. लेकरं मागे ठेवून कोण जातं? तळ्याला येऊन मिळणाऱ्या नाल्याकाठचं गवत डोंगराच्या दिशेनं लवलेलं होतं, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. डोंगरावरचा देवटोला हे तिचं माहेर. तिथल्याच झऱ्यातून ती खाली नांदायला आली होती.

रीतीप्रमाणे तिला आणायला सासरचं कुणीतरी जायला हवं होतं. सरपंच टेंभरे निघाले. मासेमार सोसायटीची अध्यक्ष म्हणून कौतिका नागपुरेही निघाली. चढ चढताना तिच्या डोक्यात घरच्या चुलीशिवाय दुसरं काही नव्हतं. तळं नाही म्हणजे मासळी नाही. सून सरपंचांच्या उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या गिरणीत कामाला होती, तेवढाच काय तो आधार.

देवटोल्यात पुनाराम उईके या म्हाताऱ्यांच्या घरी मालाई उतरली होती. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. सरपंचांनी नारळ आणि चिवड्याचा पुडा पुढे ठेवला.

"तिले न्यायले आलो जी."

"आत पडून आहे," पुनाराम म्हणाले. "व्याही, आमी तिले इथून पिण्याजोगी पाठवतो. झऱ्यात ढोर धुऊ देत नाही, वरचं एक झाड तोडू देत नाही. वाटेत तिले काय पाजता तुमी?"

"गिरणीचं पाणी जाते थोडं नाल्यात. भात उकडल्यावरचं. ते काय विष आहे?"

"मंग घरी पित असाल."

सरपंचांनी चिवड्याचा पुडा आणखी थोडा पुढे सरकवला.

"मी भेटू का तिले?" कौतिकानं विचारलं.

आतल्या खोलीत मालाई भिंतीपासून भिंतीपर्यंत पडली होती. आंबूस वास येत होता. मासे तोंड वर काढून श्वास घेत होते. कौतिका उंबऱ्यावर बसली, पदर खोचला आणि तिच्यातली जलपर्णी बोटांनी हळूहळू विंचरून काढू लागली. बऱ्याच वेळानं पाणी वर सरकलं आणि मालाईनं तिचं मनगट धरलं.

कौतिका बाहेर आली. "ती नाही येणार."

"कौतिकाबाई, काय बोलता?" सरपंच म्हणाले. "खासान काय तुमी?"

"खाऊ काही तरी. अशी नेली तर मरून जाईल. मंग कोणाले न्यायले येऊ आपण?"

पुनाराम उठले आणि त्यांनी कौतिकासाठी चहा टाकायला सांगितला. "राहू द्या तिले इथं, विहीणबाई."

तो हिवाळा वाईट गेला. ढिवरांची माणसं दुसऱ्यांच्या शेतात धान कापायला गेली, कौतिकाचा मुलगा नागपूरला बांधकामावर गेला. गावातल्या विहिरींना पाणी मालाईचंच होतं, त्याही एकेक करून आटल्या. भात उकडायला पाणी उरलं नाही आणि पौषात गिरणी थांबली. सून घरी बसली. ती सासूशी बोलेना. पाण्याच्या टँकरपाशी बायका कौतिकाला जागा देत, पण तिच्याकडे बघत नसत.

टँकरनं गिरणी चालेना, तेव्हा सरपंचांनी मागच्या बाजूला टाक्या बांधायला घेतल्या. सांडपाणी एकीतून दुसरीत निवळत जाईल, नाल्यात थेंबही पडणार नाही, अशी व्यवस्था केली. गावाच्या गटारीही नाल्यापासून तोडून शोषखड्ड्यांत वळवल्या. काम झाल्यावर पुनाराम खाली आले. शेवटच्या टाकीतलं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि मालाईला सांगायला परत गेले.

होळीच्या आधी, भर दुपारी, ते मालाईला घेऊन उतरले. देवटोल्याच्या बायकांनी तिची ओटी भरून दिली होती. गिरणीपाशी ती थबकली. पुनारामही शेजारी उभे राहिले, त्यांनी घाई केली नाही. मग ती पुढे निघाली, पाळीच्या आत उतरली आणि हळूहळू आपल्या जागी पसरली. पाळीवर सगळं गाव उभं होतं. कौतिकाची सूनही होती. तिनं सासूच्या हातातलं आरतीचं ताट धरलं.

निघताना पुनाराम पाण्याशी वाकले.

"बाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुन्हा त्रास झाला तर निरोप धाडत बसू नको. सरळ निघून ये."

सरपंचांनी हात जोडून ते ऐकून घेतलं.