अप, डाऊन आणि सात मासे

गार्डसाहेबांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला दारात चपला काढल्या की लगेच जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. समोर देव वगैरे काही नसतो. असतात दोन फिल्टर. सिलिंडरवाला, मतदार यादी तपासायला आलेल्या मॅडम, गार्डसाहेबांचे साडू, सगळ्यांनी गुडघे टेकलेले आहेत. सहा वर्षांपूर्वी मी बदली होऊन पूर्णेच्या शाळेत रुजू झाले, त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, आणि टेम्पोतून सामान उतरायच्या आधीच मीही टेकले.

"बाई, चहा होईल. आधी खाली वाका."

पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत काचेच्या टाकीनं अडवलेली. सहा फूट लांब. तिच्यासाठी सोफा ओसरीत गेला होता, तो अजून तिथंच आहे. टाकीखालच्या लाकडी कपाटाचं दार उघडून त्यांनी मला आत बघायला लावलं. झाकणाच्या बादलीएवढे दोन काळे डबे शेजारीशेजारी बसले होते. त्यांच्या नळ्या मागून वर टाकीत गेलेल्या. कान दिला तर बारीक घूंऽ असा आवाज.

"ह्यो अप. ह्यो डाऊन. अप डावीकडून पाणी उचलतो, गाळून उजवीकडं सोडतो. डाऊन उजवीकडून उचलतो, डावीकडं सोडतो. कोपऱ्यात घाण थांबायचं काम न्हाई."

ते मालगाडीवर गार्ड होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. अजूनही सगळं गाडीच्या भाषेतच चालायचं.

"काका, दोन कशाला? एकच मोठा घ्यायचा."

"तो बंद पडला तर?"

"दुरुस्त करायचा."

"तवर?"

  'तवर?' हा गार्डसाहेबांचा आयुष्याला विचारलेला एकमेव प्रश्न होता. घरात दोन टॉर्च, दोन छत्र्या, दोन गजराची घड्याळं. बँकेत जाताना खिशात दोन पेनं. मी सुटीत बहिणीकडे लातूरला निघाले की हे स्टेशनवर हजर, हातात डबा. "गाडी मधीच थांबली, तवर उपाशी बसायचं का?" मला एकदा ताप आला. दवाखाना दहा वाजता उघडणार होता. सात वाजता दारात गोळी आणि पेज. "डॉक्टर येतील तवा येतील. तवर हे घ्या."

टाकीत सात गोल्डफिश होते, चांगले वीतभर लांब. त्यांना नावं स्टेशनांची दिलेली: मिरखेल, पिंगळी, पेडगाव, कोल्हा, मानवत, सेलू आणि चुडावा. चुडावा उलट्या, नांदेडच्या दिशेचं स्टेशन, म्हणून ती सगळ्यांच्या विरुद्ध पोहते असं त्यांचं मत. एकदा तिची तब्येत बिघडली तेव्हा गार्डसाहेब चहाच्या टपरीवर उभं राहून नांदेडच्या मासेवाल्याशी फोनवर बोलत होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. "चुडावा कलंडलीय हो! सकाळपासून! पार एका बाजूला आडवी झालीय!"

टपरी रिकामी झाली. कुणाचा भाऊ चुडाव्याकडच्या पॅसेंजरनं निघालेला, कुणाची सासू येणार होती. चहावाला गॅस बंद करून स्टेशनकडे पळाला. अर्ध्या तासानं सगळे परत आले तेव्हा गार्डसाहेब टाकीपाशी बसून चुडावाला वाटाण्याचा सोललेला दाणा भरवत होते. बद्धकोष्ठ झालं होतं. लोक इतके संतापले होते की सगळ्यांना चहा पाजावा लागला.

फिल्टर धुण्याचं तर पंचांगच होतं. अप महिन्याच्या पहिल्या रविवारी, डाऊन तिसऱ्या. दोन्ही एका दिवशी कधीच नाही. टाकीतलंच बादलीभर पाणी काढायचं, त्यात स्पंज दोनदा दाबून काढायचा, बस.

"अहो पण केवढा गाळ आहे अजून त्यात," मी म्हणायची.

"त्यो गाळ न्हाई, बाई. त्यात जिवाणू ऱ्हातात. माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते लावलं की मेले सगळे. म्हणून एका वेळी एकालाच हात लावायचा. ह्याच्यातले कमी झाले तरी त्याच्यातले हायत."

मी मान डोलवायची. प्रशिक्षणात आम्ही शिक्षक डोलवतो तशी.

"रिटायरमेंट खायला उठती, म्हणून हा नाद," असं ते सगळ्यांना सांगायचे. खरं काय ते मला सरूकाकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. बरीच वर्षं साखरेचा आजार, त्यात डोळे गेलेले. एक पूर्ण, दुसऱ्यानं थोडं थोडं दिसायचं. नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसल्या होत्या. तिथं समोर माशांची टाकी होती. "मी नुसतं म्हणलं, अय्या, केशरी केशरी हालायलंय की हो काहीतरी. तर हे उठूनच गेले. मला वाटलं लघवीला गेले. हे आपले कंपाउंडरला विचारायलेत, टाकी कुठून आणली म्हणून."

टाकीसमोर काकूंची खुर्ची होती. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, सगळं तिथंच. तासातासाला आतून किंवा अंगणातून आवाज यायचा. "सरू, दिसायलेत का?"

"दिसायलेत की. सेलू खाली हाय. मिरखेल वर गेली."

"पाणी?"

"काचेवानी."

मग गार्डसाहेब मिशीतल्या मिशीत हसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या भाचीचं लग्न निघालं, सेलूला. हळद, लग्न, पूजा असे चार दिवस. काकूंना घेऊन जायचं होतं. मला घराच्या दोन किल्ल्या मिळाल्या, एक हरवली तर तवर दुसरी, आणि एक कागद. कागदावर दाणे किती घालायचे, दिवा कधी लावायचा, आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं: फिल्टरला हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर डाऊनची धार करंगळीएवढी झालेली. फोन करावा तर हा माणूस नवरीला स्टेजवर सोडून मिळेल त्या गाडीनं येणार. मी विचार केला, आपण शिकलेल्या आहोत. प्लग काढला, डबा उघडला. आत जे काही होतं ते बघून माझ्यातली गृहिणी जागी झाली. स्पंज नळाखाली धरला, ब्रशनं घासला, खालच्या मातीच्या रिंगा चाळणीत घेऊन चकचकीत केल्या. मग वाटलं, अप तरी का घाण ठेवायचा? त्यालाही आंघोळ घातली. दोन्ही सुरू केले. काय धार! मी टाकीसमोर उभी राहून स्वतःवर खूश झाले.

चौथ्या दिवशी दार उघडलं तर टाकीत ताक ओतल्यासारखं पाणी. आणि सातही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.  फोन हातात घेतला, तोच बाहेर रिक्षा थांबली.

काकूंना ओसरीतल्या सोफ्यावर टेकवून गार्डसाहेब आत आले. टाकीकडे बघून जागीच थांबले.

"काका, चुकलं माझं," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले. "धार कमी झाली म्हणून मी फिल्टर धुतले. नळाखाली."

"दोन्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन्ही."

"एकाच दिवशी?"

मी मान हलवली. त्यांनी पिशवी खाली ठेवली. आता ऐकावं लागणार म्हणून मी उभी राहिले. पण ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघून तसंच हळू म्हणाले, "रडू नका बाई. मासे जित्ते हायत अजून. मागं दोन ड्रम पाणी साठवून ठेवलंय, औषध उडालेलं. बादली धरा."

त्यांनी नळी लावून टाकीतलं पाणी काढायला सुरुवात केली. मी मागून बादल्या आणू लागले. काकू भिंतीला हात लावत लावत आल्या, खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि टाकीकडे तोंड केलं. आमचं आतलं पुटपुटणं ओसरीत त्यांच्या कानावर गेलं नसावं.

"बाई, पाणी किती साफ ठेवलंत हो तुमी," त्या म्हणाल्या. "कसं काचेवानी दिसायलंय. सेलू बघा की, खाली कशी फिरायलीय."

खाली एकही मासा नव्हता. त्या पांढऱ्या पाण्यातून मला, चष्मा लावूनही, पलीकडची भिंत दिसत नव्हती.

गार्डसाहेबांच्या हातातली नळी बादलीतून सुटली आणि पाणी फरशीवर वाहायला लागलं. ते काकूंकडे बघत राहिले. दुसरा डोळाही जाऊन किती महिने झाले असतील कुणास ठाऊक. हा माणूस आपल्यासाठी दिवसभर खपतो, त्याचा हिरमोड नको, म्हणून त्या तासातासाला "दिसायलेत" म्हणत होत्या.

"काय हो, गप का झालात?" काकूंनी विचारलं.

"काय न्हाई," ते म्हणाले. "बाईंनी लय निगा राखली."

आणि वाकून नळी परत बादलीत धरली.

जाताना त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. "बाई, मला कळलंय ते सरूला कळू देऊ नका. तिनं लय जपलंय."

पुढचे तीन आठवडे ते रोज दोनदा पाणी बदलत होते. सहा मासे वाचले. मिरखेल गेली. अंगणातल्या कढीपत्त्याखाली तिला पुरताना मी होते. पाणी पुन्हा पहिल्यासारखं झालं आणि फिल्टर धुण्याचे रविवारही आपापल्या जागी परत आले.

एक मात्र बदललं. आता "दिसायलेत का?" अशी हाक ऐकू येत नाही. गार्डसाहेबांनी ओसरीतून एक खुर्ची आत नेऊन काकूंच्या शेजारी ठेवलीय. परवा मी भाजी द्यायला गेले तर दोघं टाकीसमोर बसले होते. काकू शेंगा सोलत होत्या आणि ते सांगत होते.

"पिंगळी निघाली डावीकडं. पेडगाव तिच्या मागं. चुडावा आपली उलटी चाललीय बघ."

"चालायचीच ती," काकू म्हणाल्या. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "आन् मिरखेल?"

गार्डसाहेबांनी टाकीकडे पाहिलं. सहाच मासे फिरत होते.

"मिरखेल वर आलीय," ते म्हणाले. "तुझ्याकडंच बघायलीय."

"हां," काकू म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली. "दिसली, दिसली."