म्हातारी गेली, फोटू काढा!

"सूर्य गेला खड्ड्यात!"

असं मी भर सकाळी दुकानाच्या पायरीवर उभा राहून जाहीर केलं, तेव्हा समोरचा पानवाला दचकला आणि आमच्या सौभाग्यवती मथुराबाई हातातल्या केरसुणीसकट बाहेर आल्या.

"कुणावर ओरडताय एवढं?"

"सूर्यावर! आजपासून त्याचे आणि माझे संबंध संपले!"

मंडळी, तुम्हाला आजकालचे फोटो माहीत. आमच्या वेळी सोलापुरात फोटो काढायचा म्हणजे सूर्याच्या मिनतवाऱ्या! माडीवर काचेचं छप्पर, त्यातून ऊन आलं तर फोटो. ढग आला की नवरानवरी तशीच खुर्चीवर बसून घामाघूम, आणि मी खिडकीतून आभाळाला शिव्या घालतोय! दुकान आम्हा दोघांचं. फोटो मी काढायचा आणि काळोख्या खोलीत काचा धुऊन चित्र उमटवायचं काम मथुरेचं. तिचा हात असा हलका, की बायका म्हणायच्या, "मास्तरीणबाई, आमाला जरा नीट धुवा हं!"

तर त्या दिवशी मुंबईहून माझं पार्सल आलं होतं. उजेडाची पूड! चमचाभर पत्र्यावर ठेवायची, ठिणगी लावायची, की भक्कन् वीज चमकते आणि अंधाऱ्या खोलीतसुद्धा फोटो निघतो. आता मला कोण अडवणार? विहिरीच्या तळाशी बसलेल्या बेडकाचा फोटो काढीन म्हणत होतो मी!

एवढ्यात दारात एक छकडा धाडकन् थांबला आणि त्यातून एक गडी उडी मारून उतरला. अंगभर धूळ, तोंडाला फेस. बैलाच्या नव्हे, गड्याच्या.

"मास्तर, चला! म्हातारी गेली!"

"कोण म्हातारी?"

"आमच्या मालकाची आई की! कुंभारीचे म्हादेवप्पा सावकार न्हाईत व्हय? त्यांची आई, गुरम्मा. मालक म्हनलं, कोंडीबा, पळ, मास्तरला उचलून आन! समद्या घराचा फोटू काडायचाय, आत्ताच्या आत्ता!"

मी टोपी काढली. असे फोटो त्या काळी काढत असत. हयातीत राहून गेलेला फोटो निदान शेवटी तरी घ्यावा, अशी रीत. मी गंभीर झालो, पण खरं सांगतो, आतून नुसता उकळत होतो! अंधारं घर, मोठं खानदान आणि माझी नवीकोरी वीज!

मथुरा मात्र छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई! कुंभारीच्या गुरम्मा म्हणजे आपल्या कमलम्माची आई!"

कमलम्मा आमच्या मागच्या बोळात राहायची. आईची आणि तिची बोलाचाल बंद. कारण काय, तर थोरल्या मुलाचं नाव आजोबांवरून 'कल्लप्पा' ठेवायचं सोडून हिनं 'प्रकाश' ठेवलं. बारशाच्या पाळण्यापाशीच मायलेकींचं वाजलं, ते वाजलंच! त्या प्रकाशला आता मिसरूड फुटली होती, तरी दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तिला कळवायला हवं हो," मथुरा डोळे पुसत म्हणाली.

"कळव. पण हळूहळू कळव," मी बजावलं, वाटेतल्या माळ्याकडून झेंडूचा घसघशीत हार घेतला आणि छकड्यात बसलो.

रस्त्यात मी रीतीप्रमाणे चौकशी केली.

"कधी गेल्या?"

"सकाळीच की. भाकरी खाल्ली, पान खाल्लं, आन गेल्या."

"काही त्रास?"

"त्येस्नी कसला तरास? तरास आमाला हुता! आता घर कसं मोकळंमोकळं वाटतंया."

मी चपापलो. "शेवटी काही बोलल्या?"

"लई बोलल्या! मालकाला बोलल्या, मालकिणीला बोलल्या, जाता जाता म्हशीला बी बोलल्या."

"जवळ कोण होतं?"

"म्या हुतो की! म्याच हाताला धरून नीट बसवलं."

लिंगायत मंडळी गेलेल्या माणसाला बसवतात, हे मला ठाऊक होतं. मी डोळे मिटून हात जोडले. कोंडीबानं माझ्याकडं बघितलं आणि बैलाची शेपटी पिरगाळली.

कुंभारीला पोचलो आणि माझे डोळेच पांढरे झाले! घरात पुरणाचा वास! बायका नव्याकोऱ्या इरकलीत, नाकात नथी, आणि एकमेकींना टाळ्या देत खिदळतायत! महादेवप्पा सावकार रेशमी फेटा बांधून, मिशांना तूप लावून दारातच उभे.

"या, या मास्तर! किती वर्सं वाट बघितली ह्या दिवसाची!"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा."

"धीर कसला धरता? ती परत यायच्या आत उरकून घ्या की!"

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. "परत... यायच्या आत?"

"तिचा काय भरवसा न्हाय हो. मागच्या खेपेला अशीच गेली, आन दिवेलागणीला दारात हजर!"

"मागच्या... खेपेला?"

"व्हय की! आल्या आल्या सगळ्यांना काठीनं बडवलं!"

मंडळी, मी मागं वळून छकड्याकडं बघितलं. पण धंदा तो धंदा! मी कॅमेऱ्याची पेटी खाली ठेवून विचारलं, "मग अव्वांना, म्हणजे आईंना, फोटोत कुठं..."

"तिला कशाला? ती असती तर फोटो काढू दिला असता काय? फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणती!"

आता ते कमी व्हायचं कुठं राहिलंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणजे मातीही उरकून झालेली दिसत होती. मी मुकाट्यानं हार पुढं केला. सावकार खूश!

"वा! हार बी आणला?" असं म्हणून त्यांनी तो स्वतःच्याच गळ्यात घातला आणि बायकोकडं बघून मिशीवर ताव दिला!

शेजारपाजारी कुणी बघून म्हातारीला सांगू नये म्हणून फोटो आतल्या माजघरात, दारंखिडक्या लावून काढायचा ठरला. म्हातारीला कोण, कसं जाऊन सांगणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ओळीनं मंडळी बसवली. तिवईवर कॅमेरा लावला. डोक्यावर काळं फडकं घेऊन एकदा सगळं नीट न्याहाळलं, भिंगाला झाकण लावून काच आत सरकवली, झाकण काढलं आणि पत्र्यावर पूड ओतली. जरा जास्तच ओतली. खानदान मोठं होतं ना!

"कुणी हलू नका!" मी गर्जलो आणि ठिणगी लावली.

भडाम्!

वीज कसली, तोफच ती! आढ्यावरची धूळ, उंदीर, गेल्या साली हरवलेली पळी, सगळं खाली आलं. घरभर पांढरा धूर. आणि त्याच क्षणी माजघराचं दार करकरत उघडलं. धुरात, डोक्यापासून पायापर्यंत पांढरीफटक, हातात काठी घेतलेली एक म्हातारी उभी!

"अव्वा आली!" महादेवप्पा किंचाळले.

"परत आली!" मी किंचाळलो.

आणि आम्ही सगळे पळालो! त्यांना भीती जिवंत म्हातारीची, मला मेलेलीची. पण पळण्याचा वेग सारखाच! माझ्या डोक्यावरचं काळं फडकं तोंडावर आलं होतं. समोरचं काही दिसेना. मी आधी कणगीवर आदळलो, मग रांजणावर, आणि गरकन् वळून थेट त्या म्हातारीच्या अंगावर! काळ्या तोंडाचा, हात पसरलेला तो प्रकार बघून तिनं काठी उगारली आणि माझ्या पाठीत असा रट्टा हाणला, की माझी एका झटक्यात खात्री पटली. हे भूत नव्हे! भूत इतकं मनापासून मारत नाही!

"कोन रं तू?"

"फ... फोटोमास्तर!" मी फडकं काढलं. "अव्वा, तुम्ही गेला नव्हता?"

"गेल्ते की! अक्कलकोटाला, भावाकडं! त्या सर्व्हिस मोटारीचं चाक फुटलं वळसंगाच्या अलीकडं. ही सगळी धूळ खात, पायी आले परत!"

"म्हणजे तुम्ही... मेला नाही?"

कणगीमागून महादेवप्पांचा फेटा हळूच वर आला.

"मी मेले?" गुरम्मा म्हणाल्या. "कुनी सांगितलं?"

सगळ्यांनी कोंडीबाकडं बघितलं. तो कॅमेरा कडेवर घेऊन उभा होता, तान्ह्या लेकरासारखा. धुरात तेवढं एक शहाणपण त्यानं केलं होतं.

"म्या 'गेली' म्हनलो! 'मेली' न्हाय म्हनलो!" तो कळवळून ओरडला.

महादेवप्पांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. "मास्तर! माझ्या जित्या आईला मारता? सांगितलं कुणाकुणाला?"

"कुणाला नाही हो! फक्त बायकोला..."

आणि बाहेर टांगा थांबला.

मथुरेनं हळूहळू कळवलं होतं, असं ती अजूनही म्हणते. पण टांग्यातून कमलम्मा उतरली ती ऊर बडवतच, आणि तिच्यामागं मथुरा आणि आमच्या बोळातल्या निम्म्या बायका!

"अव्वाऽऽ! माझी अव्वाऽऽ!"

डोळ्यांत पाण्याच्या धारा. तिला समोरचं काही दिसत नव्हतं. आधी ती भावाला बघून ढसढसा रडली, त्याच्या गळ्यातला हार बघून आणखी रडली आणि मग दारात जी पहिली म्हातारी दिसली तिच्या गळ्यात पडली.

"गेली हो माझी आई! इतकी वर्सं मी मेली बोलले न्हाय तिच्याशी! रोज वाटायचं, जावं. रोज वाटायचं, आधी तिनं यावं. आता कुटं शोधू तिला?"

म्हातारीच्या हातातली काठी गळून पडली होती. ती नुसती कमलम्माच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उगी. उगी, कमळे."

कमलम्माचं रडं मधेच अडकलं. 'कमळे' म्हणणारं माणूस तिला जगात एकच होतं. तिनं मान वर केली. आईच्या तोंडावरच्या धुळीतून पाण्याचे दोन ओघळ खाली आले होते.

"मेल्यावर आलीस व्हय गं?" गुरम्मा म्हणाल्या. "जिती हुते तवा तुझे पाय दुखत हुते?"

"आन तू? सोलापूर काय काशीला हाय?"

"त्या पोराचं नाव काय ते... परकास. जेवतो का नीट?"

"भाकरी खातो की. तुझ्यासारखा हट्टी हाय अगदी."

एवढं म्हणून दोघी एकदम हसल्या, एकदम रडल्या, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून जे बोलायला लागल्या! सगळ्या घराला हुंदका आला. कोंडीबानं कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याला डोळे पुसले. मथुरेनं मला कोपरखळी मारून विचारलं, "बघा! मी सांगितलं म्हणून झालं ना?"

महादेवप्पांना मात्र मी दिसलोच. ते बाह्या सावरत पुढं आले.

"मास्तर, आता तुम्ही चालू लागा! न्हाय तर खरंच कुणाला तरी बसवावं लागेल!"

"थांब रं म्हादू," गुरम्मांनी हात वर केला. "काडू दे त्येला फोटू. आमाला दोगींला मधी बसीव."

"अव्वा! तूच म्हणायचीस की, फोटोनं आयुष्य कमी होतं!"

"सकाळपासनं मी मेलेलीच हाय. आता कमी व्हायला काय ऱ्हायलंय?"

मंडळी, काय सांगू! मला पंख फुटले! ओसरीवर स्वच्छ उजेड होता. सतरंजी टाकली, मधोमध मायलेकी बसवल्या, भोवती सगळं खानदान. धुरातली ती काच बाद झाली होती, म्हणून नवी काच चढवली. मथुरेनं सगळ्यांचे पदर नीट केले. असा फोटो माझ्या हातून पुन्हा निघणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

"आता मी झाकण काढतो," मी सांगितलं. "परत लावीपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं! जो हलला, तो काचेवर पुसला जातो!"

आणि काय मंडळी बसली म्हणता! दगडाच्या मूर्ती! महादेवप्पांची मिशी जागची हलली नाही. कोंडीबानं तर श्वास असा रोखला, की डोळे बेडकासारखे बाहेर आले. मी एकटक त्या डोळ्यांकडेच बघत राहिलो, आता फुटतात की काय म्हणून. झाकण लावलं आणि ओरडलो, "झालं!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मला पोटभर पोळ्या वाढल्या. गुरम्मांनी स्वतःच्या हातानं तूप ओतलं.

दुसऱ्या दिवशी मथुरा काळोख्या खोलीतून काच घेऊन आली. काच तिनं पदराआड धरली होती.

"कसा आलाय?" मी अधीर होऊन विचारलं.

"सुरेख," ती म्हणाली. "फार सुरेख. तुम्हीच बघा."

फोटो मी स्वतः कुंभारीला नेऊन दिला. महादेवप्पांनी तो हातात घेतला. जवळ धरला. लांब धरला. ओसरीच्या कडेला नेऊन उजेडात धरला. सगळं खानदान लख्ख आलं होतं. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! कोंडीबाचे डोळेसुद्धा!

आत मायलेकी अजून बोलतच होत्या. कमलम्मा घरी गेलीच नव्हती.

"मास्तर," सावकारांनी हळूच विचारलं, "ह्यात अव्वा कुटं हाय?"

मी फोटोच्या मधोमध, जिथं पिंजलेल्या कापसाचा एक मोठा गोळा उमटला होता, तिथं बोट ठेवलं.

"आन अक्का?"

मी बोट हलवलंच नाही.