कोट म्हणजे काय

नवशाचा एकुलता एक सदरा पाठीवर फाटला होता आणि उद्या मुरबाडकडच्या एका पाड्यावर मुलगी पाहायला जायचं होतं. म्हणून त्याच्या आईने, सकुबाईने, आपल्या भावाकडे कोट मागितला. सन अडतीसच्या त्या उन्हाळ्यात सापगावच्या त्या आळीत कोट एकच होता. तिचा भाऊ देवजी आटगाव स्टेशनात खलाशी होता. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या ड्रायव्हरने जाताना तो त्याच्या अंगावर टाकला होता.

“पन कोट म्हंजे काय रे दादा? सदरा नाय, बंडी नाय,” सकुबाईने विचारलं.

“विंग्रजी शबूद हाय तो.” कोट घरात आल्यापासून देवजी या विषयातला जाणकार झाला होता. “त्यांचा मुलूख गार. तिकडं मेंढरांना लोकर, मानसांना कोट. शबूद बोटीतनं आला, कापूड मागनं आलं.”

“मंग वैशाखात माझ्या पोरानं का घालायचा?”

“सदरा फाटला म्हनून. विंग्रजांचे पन फाटले असतील. नायतर एवढं जाड कोन घालतं?”

तर भर उन्हात नवशा कोट घालून मामाच्या मागे चालला. पाड्याच्या तोंडाशी एका बाईने त्याला पाहिलं, डोक्यावरचा भारा तिथंच टाकला आणि ओरडली, “कोट आला गो!”

त्या पाड्यावर कोट घालून आजवर एकच माणूस येत असे, चोरटा साग शोधणारा जंगलसाहेब. त्यामुळे हे दोघे पोचेपर्यंत लाकडं विहिरीत, कुऱ्हाडी शेणात आणि माणसं रानात गेली होती. मुलीचा बाप धाऊ तेवढा घरी थांबला, कारण पाव्हणे यायचे होते. तो दारात कोंबडी धरून उभा होता.

“साहेब, ही घ्या अन् जावा. आज घरात पोरीचं काम हाय.”

“आमी पोरगीच बघाया आलो,” देवजी म्हणाला.

“बघा. घरात पोरगी हाय, साग नाय.”

“अवो, हा नवरा मुलगा.”

धाऊने कोट वरपासून खालपर्यंत पाहिला. “साहेबाला पोर द्यायची नाय. जलमभर आमची चूल तपासंल.”

“मी साहेब नाय,” नवशा म्हणाला.

“मंग कोट कशाला?”

कुडाच्या फटीतून मुलगी, लहानी, बघत होती. नवशालाही ती दिसली होती आणि आवडली होती. सोयरीक हातची जायला लागली तसा त्याने कोट उतरवला आणि सदऱ्याची फाटकी पाठ धाऊकडे केली.

धाऊने पाठ सावकाश न्याहाळली. त्याचा चेहरा खुलला.

“हां. हा आपल्यातलाच. लहाने, पानी आन गो.”

साहेबासाठी धरलेली कोंबडी जावयासाठी कापली गेली. राहिला देज. त्यांच्यात तो मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचा. देवजीने भाताची गोष्ट काढली, पण धाऊचा हात कोटावरून हलेना.

“भात ऱ्हाऊ द्या. मला ह्यो पायजे.”

“तुमी घालनार?”

“घालू कशाला? उकडंल.”

लग्न लागलं. दिवाळीनंतर कोटाच्या आठवणीने देवजी पाड्यावर गेला. कोट दाराच्या मेढीला टांगलेला होता. जंगलसाहेब येऊन गेला होता म्हणे. अंगणातूनच त्याने कोट पाहिला, आत कुणी मोठा साहेब जेवत असणार असं धरलं आणि पाय न वाजवता परत फिरला.

“शबूद विंग्रजी हाय बरं का तो,” देवजीने सुरुवात केली.

“असंल. मला अर्थ कळला,” धाऊ म्हणाला. “कोट म्हंजे कुत्रा. दारात बांधला का कोन आत येत नाय. वर ह्याला भाकर लागत नाय.”